कळतं, पण वळत नाही: खर्रा, माळ आणि कोपरखळी



विषय पत्रिकेत छापला आहे तो जरा भारदस्त आहे. 'वर्तनाचं अर्थशास्त्र आणि आरोग्य'. कार्यकर्त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, खर्र्यावर बोलतो. ते म्हणाले, सर, पत्रिकेत खर्रा कसा छापायचा! म्हणून हे नाव. पण बोलणार मी खर्र्यावरच. विदर्भाबाहेरून कोणी हे वाचणार असेल तर एवढं सांगून ठेवतो की, खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना, हे सगळं प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटायचं आणि दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकायचं. आमच्याकडे चहा नाकारला तर चालतो, पुढे केलेला खर्रा नाकारला तर माणूस विचारतो, काय झालं, तब्येत बरी नाही का?

आधी माझी पात्रता सांगतो. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. अर्थशास्त्राचा नाही, डॉक्टर तर नाहीच, म्हणजे औषधाचा डॉक्टर नाही. तेहतीस वर्षं मुलांना नीतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातली बावीस वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात खर्र्याची पुडी होती. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत मी पुडी उघडायचो, मग तोंड धुऊन वर्गात जायचो आणि फळ्यावर लिहायचो 'इच्छादौर्बल्य'. ही पात्रता.

ग्रीक भाषेत याला शब्द आहे, अक्रासिया. सॉक्रेटिसचं म्हणणं असं होतं की जाणूनबुजून कोणी वाईटाकडे जात नाही. जो वाईट करतो त्याला मुळात नीट कळलेलं नसतं. प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस' या संवादात ही चर्चा आहे. म्हणजे सॉक्रेटिसला जर कोणी सांगितलं असतं की हे सर रोज अमुक इतका खर्रा खातात, तर तो म्हणाला असता, त्यांना अजून कळलेलं नाही, त्यांना आणखी समजावून सांगा. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. तो म्हणाला, अहो, कळलेली माणसंही चुकतात, हे तर डोळ्यांना दिसतं. मग त्यांचं कळणं असतं कसं? तो म्हणतो, झोपलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसासारखं. दारुड्याला कविता पाठ म्हणता येते, पण त्या क्षणी ती त्याच्या आत नसते, फक्त ओठावर असते. मी हा भाग शिकवायचो तेव्हा मुलं हसायची. त्यांना कल्पना नव्हती की उदाहरण समोरच उभं आहे. कदाचित होतीही.

आपल्याकडे हाच प्रश्न अर्जुनानं विचारला आहे, गीतेच्या तिसऱ्या अध्यायात. माणसाची इच्छा नसतानाही कोणीतरी जबरदस्तीनं ढकलल्यासारखा तो पाप का करतो? आणि आपल्या आज्या-पणज्यांनी हा सगळा वाद चार शब्दांत संपवला: कळतं पण वळत नाही.

आता गंमत बघा. दोन हजार वर्षांहून जास्त काळ तत्त्वज्ञ या प्रश्नाशी झगडत होते, आणि अर्थशास्त्रज्ञ मात्र असं धरून चालले होते की हा प्रश्नच नाही. त्यांच्या पुस्तकातला माणूस हिशेबी. त्याला आपलं हित कळतं आणि तो तेच करतो. या माणसाला पहिला जोराचा धक्का दिला दोन मानसशास्त्रज्ञांनी, डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी. 1979 साली त्यांचा एक लेख आला. त्यात त्यांनी दाखवलं की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये हरवल्याचं दुःख हे सारखं नसतं. हरवल्याचं दुःख जवळजवळ दुप्पट असतं. आपल्याला यात नवल वाटत नाही. बाजारात पाकीट मारलं गेलं तर माणूस आठ दिवस सांगत फिरतो, आणि बोनस मिळाला तर दुसऱ्या दिवशी विसरतो. पण अर्थशास्त्राला हे नवीन होतं. कानेमनना 2002 साली नोबेल मिळालं. ट्वेर्स्की त्याआधीच, 1996 साली गेले होते.

दुसरा माणूस रिचर्ड थेलर. 2017 चा नोबेल. त्याची एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. विद्यार्थी असताना त्यानं मित्रांना जेवायला बोलावलं. जेवणाआधी काजूचा वाडगा मध्ये ठेवला. सगळे मुठी भरभरून खाऊ लागले. थेलरच्या लक्षात आलं की असंच चाललं तर जेवणावरची वासना उडणार. त्यानं वाडगा उचलला आणि आत नेऊन ठेवला. परत आला तर पाहुण्यांनी त्याचे आभार मानले! पाहुणे सगळे अर्थशास्त्राचे. त्यांनी तिथेच वाद सुरू केला की आपण खूश का झालो? काजू खायचे नव्हते तर न खाण्याचं स्वातंत्र्य होतंच की. वाडगा उचलल्यानं आपला एक पर्याय कमी झाला, आणि पर्याय कमी झाल्यावर हिशेबी माणूस खूश कसा होईल?

माझ्या आईला हे विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. दिवाळीचा चिवडा ती फळीवरच्या डब्यात ठेवायची, हात पुरू नये म्हणून. आमच्यासाठी नाही, वडिलांसाठी. वडिलांनीच तिला तसं सांगितलं होतं, त्यांना मधुमेह होता आणि चकलीसमोर त्यांचं काही चालायचं नाही.

या थेलरनं कॅस सन्स्टीन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाबरोबर 2008 साली पुस्तक लिहिलं, 'नज'. नज म्हणजे कोपरानं हळूच ढोसणं. मराठीत शब्द तयारच आहे, कोपरखळी. आपण तो टोमण्यासाठी वापरतो, पण मूळ अर्थ कोपराचाच. कल्पना अशी की माणसाला उपदेश करू नका, दंड करू नका, बंदीही घालू नका. तो जिथे निवड करतो ती जागा अशी मांडा की बरं ते सोपं व्हावं आणि वाईट ते थोडं अवघड. वाडगा आत ठेवा. ज्याला काजू हवेतच तो उठून आत जाईल, त्याला कोणी अडवत नाही.

हे खर्र्याला लावून बघू.

माणूस खर्रा सोडत नाही याचं कारण त्याला माहिती नाही, हे मला साफ खोटं वाटतं. या सभागृहात असा एक माणूस दाखवा ज्यानं तोंड न उघडणारा माणूस पाहिलेला नाही. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, आधी तिखट सोसेनासं होतं, मग तीन बोटं आत जायची तिथे दोन जातात, मग एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक ठरवलं आहे. हे सगळं आपल्याला माहीत आहे. माझा एक सहकारी, इंग्रजी शिकवायचा, त्याचं जबड्याचं ऑपरेशन झालं. आम्ही चौघे त्याला भेटायला गेलो. त्याला बोलता येत नव्हतं, तो पाटीवर लिहीत होता. बाहेर आलो, दवाखान्याच्या फाटकापाशी उभे राहिलो, कोणीच काही बोलेना. मग एकानं खिशातून पुडी काढली. चौघांनी खाल्ला. मीही खाल्ला. सॉक्रेटिसला हे कसं समजावून सांगाल?

आकडे सांगतो, फार नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतात 28.6 टक्के प्रौढ तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेतात असं दिसलं. महाराष्ट्रात 26.6 टक्के. म्हणजे आपण देशाहून थोडे बरे. पण बिनधुराची तंबाखू बघितली तर देशात 21.4 आणि महाराष्ट्रात 24.4. आपण ओढत नाही, चघळतो. ओढणाऱ्याचा धूर शेजाऱ्याला लागतो म्हणून शेजारी ओरडतो. चघळणाऱ्यावर कोणी ओरडत नाही, फक्त भिंती रंगतात.

मग अडतं कुठे? पहिली गोष्ट, वेळेची. मी तुम्हाला विचारलं की आज शंभर रुपये घेता की उद्या एकशे दहा, तर बरेच जण म्हणतील, द्या आजच. पण विचारलं की तीस दिवसांनी शंभर घेता की एकतीस दिवसांनी एकशे दहा, तर सगळे म्हणतील, एवढं थांबलो तर अजून एक दिवस, द्या एकशे दहा. फरक एका दिवसाचाच आहे. पण 'आज' या शब्दात काहीतरी आहे. दूरचं बघताना आपण शहाणे असतो, जवळ आलं की शहाणपण पातळ होतं. खर्र्याची तल्लफ आज, कर्करोग वीस वर्षांनी. म्हणून सोडणारा माणूस नेहमी उद्यापासून सोडतो. मी एकादशीपासून सोडला आहे, गुढीपाडव्यापासून सोडला आहे, एकदा एकतीस डिसेंबरला सोडला आहे. उद्याचा मी फार निग्रही होता. आजच्या मला तो कधी भेटला नाही.

दुसरी गोष्ट, जागेची. हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेचे सैनिक व्हिएतनाममध्ये असताना त्यांच्यातल्या मोठ्या संख्येला हेरॉइनचं व्यसन लागलं. सरकार घाबरलं, की हे सगळे परत आले की काय होणार. ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात त्यांचा पाठपुरावा केला. तिकडे व्यसन लागलेल्यांपैकी परत आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते फक्त 5 टक्क्यांच्या आसपास. कोणाचाच विश्वास बसेना. हेरॉइन ते हेरॉइनच. पण तो जंगलातला तळ नव्हता, ते सोबती नव्हते, ती संध्याकाळ नव्हती. व्यसन आपल्या डोक्यात असतं असं आपण म्हणतो. ते थोडं चौकातही असतं.

माझं चौकात होतं. घरून कॉलेजला जाताना एक पानठेला लागायचा. मी पन्नास पावलांवर दिसलो की ठेलेवाला घोटायला लागायचा. मी काही मागायची गरजच नव्हती. "सर, तुमचा घोटून ठेवला," म्हणायचा. हिशेब महिन्याला. आता याच्याकडे अर्थशास्त्राच्या नजरेनं बघा. न मागता मिळणं, यालाच हे लोक 'ठरलेला पर्याय' म्हणतात. तुम्ही काहीच केलं नाही तर जे घडतं ते. माझ्या बाबतीत मी काहीच केलं नाही तर खर्रा घडायचा. न खाण्यासाठी मला थांबून, त्या भल्या माणसाकडे बघून, नाही म्हणावं लागायचं. आणि त्यानं घोटलेला असायचा! बिचाऱ्याचे कष्ट. त्यात पैसे देतानाही दुखायचं नाही, कारण महिन्याचा हिशेब. रोज वीस रुपये खिशातून गेले असते तर दिसले असते. वीसचा एक धरा, दिवसाला तीन धरा, वर्षाचे 21,900 रुपये होतात. त्या पैशात माझ्या मुलीची त्या वेळची कॉलेजची फी आरामात निघाली असती. हा हिशेब मी खर्रा सोडल्यावर केला. खात असताना कधी केला नाही, मुद्दामच.

तिसरी गोष्ट, सोबतीची. खर्रा एकट्यानं खायची चीज नाही. पुडी निघाली की चार हात पुढे येतात. मोठा आणि लहान, मालक आणि मजूर, एकाच पन्नीतून घेतात. जातीपातीच्या या गावगाड्यात एवढी समता दुसरीकडे क्वचितच दिसते, हे मी खेदानं सांगतो. म्हणून खर्रा सोडणारा माणूस नुसता तंबाखू सोडत नाही, तो घोळका सोडतो. त्याची खरी किंमत ही आहे आणि डॉक्टरांच्या पत्रकात ती कधी लिहिलेली नसते.

आता मी इथे जरा थांबणार आहे, कारण मला वाटतं की या बाबतीत आपल्याकडे थेलरच्या आधी काहीतरी होतं, आणि त्याचा अभ्यास कोणी नीट केलेला नाही.

आपल्याकडे व्यसन सोडण्याच्या दोन रीती आहेत. एक शपथ. बायको सांगते, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. माणूस हात ठेवतो. खरंच मनापासून ठेवतो. आणि आठ दिवसांत मोडतो. दुसरी रीत, माळ. माणूस तुळशीची माळ घालतो, वारकरी होतो. मग मांस नाही, दारू नाही, एकादशी करायची, पंढरीची वारी करायची. महानुभावांमध्ये उपदेश घेतात, तिथेही मांस नाही, दारू नाही. आता माळकरी सगळे पाळतात असं मी म्हणत नाही. माळ खुंटीला टांगून पिणारेही तुम्ही-आम्ही पाहिलेत. (हशा) पण तरी शपथेपेक्षा माळ जास्त टिकते, हे तुमचं निरीक्षण असेल, माझंही आहे. का टिकते?

श्रद्धा हे एक उत्तर आहे, ते मी नाकारत नाही. पण मुलाच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याची श्रद्धा कमी असते का? बापाला मुलापेक्षा जास्त काय असतं? मला वाटतं फरक असा आहे. शपथ त्या माणसाच्या मनात राहते. बाहेरच्या जगात तिनं काही बदलत नाही. ठेलेवाला तोच, मित्र तेच, रस्ता तोच. सगळा भार एकट्या मनावर. उलट मोडली की अपराधाची भावना येते, आणि ती विसरायला पुन्हा तेच लागतं. माळ गळ्यात असते. ती दुसऱ्यांना दिसते. माळ बघून लग्नाच्या वऱ्हाडात कोणी त्याला बाजूला बोलावत नाही, ग्लास पुढे करत नाही. 'अरे, तो माळकरी आहे' म्हणून विषय संपतो. म्हणजे माळेनं माणूस बदलतो की नाही ते नंतर बघू, आधी भोवतालचे लोक बदलतात. त्याचा ठरलेला पर्याय बदलतो. त्याला नाही म्हणावं लागत नाही, त्याच्या वतीनं माळ नाही म्हणते. शिवाय जुना घोळका सुटला तर नवा मिळतो. भजनाची मंडळी, दिंडी, संध्याकाळचा हरिपाठ. ज्या वेळी प्यायला बसायचा त्याच वेळी टाळ हातात असतो. एवढं सगळं एका दोऱ्यात ओवलेलं आहे. यातलं एकेक तत्त्व आज परदेशी विद्यापीठांत वेगवेगळ्या नावानं शिकवतात.

त्यांनी हे मोजूनही बघितलंय. फिलिपिन्समध्ये एका बँकेनं सिगारेट ओढणाऱ्यांना सांगितलं, सहा महिने आमच्याकडे पैसे साठवा, शेवटी लघवी तपासू, निकोटिन नाही निघालं तर पैसे परत, निघालं तर पैसे धर्मादाय. स्वतःच्या पैशाला स्वतःच कुलूप. ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या 11 टक्के लोकांनीच खातं उघडलं. तरीही ज्यांच्यापुढे हा देकार ठेवला होता त्या अख्ख्या गटात सोडणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा 3 टक्क्यांनी जास्त निघालं, आणि वर्षभरानं अचानक तपासणी केली तेव्हाही ते टिकून होतं. हा अभ्यास 2010 चा. आपल्या चेन्नईत सायकलरिक्षा ओढणाऱ्यांवर फ्रँक शिलबाख यांनी काम केलं. त्यांच्यापुढे निवड ठेवली: शुद्धीवर आलात तरच पैसे, की कसेही या, पैसे घ्या? निम्म्याहून जास्त जणांनी स्वतःहून 'शुद्धीवर आलो तरच' हा पर्याय काही टप्प्यावर घेतला, त्यात पैशाचं नुकसान होण्याची शक्यता असूनही. हे वाचून मला गहिवरून आलं. आपण ज्यांना 'बेवडे' म्हणून मोकळे होतो, ती माणसं स्वतःला बांधून घ्यायला दोरी शोधत होती. आणि पैसा मिळाला तर ही माणसं पितातच असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, शुद्धीवर राहायला प्रोत्साहन मिळालेल्यांची बचतही वाढली.

माझं कसं सुटलं ते सांगतो, म्हणजे विषय पुढे नेता येईल. फार वीरश्रीचं नाही. एक, मी रस्ता बदलला. मागच्या गल्लीनं कॉलेजला जायला लागलो, सात मिनिटं जास्त. दोन, ठेलेवाल्याकडे एकदाच गेलो, हिशेब चुकता केला आणि सांगितलं की आजपासून माझा घोटू नकोस. तो म्हणाला, "सर, काऊन? काई चुकलं का माह्यं?" त्याला समजावताना मला जास्त वाईट वाटलं. तीन, आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त लिपिक राहत होते, अत्यंत कडक माणूस, त्यांच्याकडे पाच हजार रुपये ठेवले. मी खाल्ला तर त्यांनी ते एका अशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकासाठी द्यायचे, ज्याचं तोंड मला बघवत नाही. (हशा) नाव विचारू नका. चार, खिशात भाजलेली बडीशेप. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, घरात भांडणं झाली. चौथ्या महिन्यात एका तेरवीला गेलो, जुने सगळे भेटले, पुडी निघाली आणि मी खाल्ला. घरी येऊन लिपिकांना सांगितलं. त्यांनी एक शब्दही न बोलता हजार रुपये मोजून बाजूला काढले, म्हणाले, "पूर्ण घेतले तर तुम्ही उरलेल्या महिन्यांसाठी मोकळे व्हाल." त्यांनी थेलर वाचलेला नव्हता. तो फलक चौकात लागला, आणि त्यात आपले हजार आहेत हे मला माहीत होतं. त्यानंतर चौदा वर्षं झाली.

आता दुसरी बाजू. मी तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, नुसती स्तुती करून बसलो तर माझे विद्यार्थी हसतील.

कोपरखळीत एक धोका आहे. मी तुम्हाला उपदेश केला तर तुम्ही वाद घालू शकता. कायदा केला तर मोर्चा काढू शकता. पण तुमच्या नकळत वाडगा सरकवला तर तुम्ही कोणाशी भांडणार? कांट म्हणेल, तुम्ही माणसाला माणूस म्हणून वागवलं नाही, वस्तू म्हणून सरकवलं. जॉन स्टुअर्ट मिलनं 1859 साली लिहून ठेवलं की दुसऱ्याला इजा होत नसेल तर प्रौढ माणसाच्या भल्यासाठीसुद्धा त्याच्यावर सक्ती करू नये. थेलरवाले म्हणतात, आम्ही सक्ती कुठे करतो? खरं आहे. पण जी युक्ती वाडगा आत नेते तीच बाहेरही आणते. पानठेला शाळेच्या वाटेवर कोण लावतं? 2003 च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला मनाई आहे, आणि आपण सगळ्यांनी तो ठेला पाहिलेला आहे. सुगंध, चकचकीत पुडी, सुट्टी विक्री, या सगळ्या कोपरखळ्याच आहेत. फक्त उलट्या दिशेनं. सुट्टी सिगारेट आणि बिडी विकायला महाराष्ट्रानं 2020 च्या सप्टेंबरमध्ये बंदी केली ती याच कारणानं, की पूर्ण पाकीट घ्यायला हात आखडतो.

आणखी एक कोपरखळी आपल्या खेड्यांनी भोगलेली आहे. हागणदारीमुक्तीच्या काळात 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली होती, आठवतं? पहाटे शिट्ट्या वाजवायच्या, टॉर्च मारायचा, गुलाबाचं फूल द्यायचं. त्यानं संडास झाले असतीलही. पण ज्या बाईच्या घरी पाणी नव्हतं, जागा नव्हती, तिच्यावर टॉर्च मारून काय मिळवलं? लाज ही फार स्वस्त कोपरखळी आहे, सरकारी तिजोरीतून काही जात नाही. जातं ते गरिबाचं. याच्या उलट गाडगेबाबा बघा. ते गावात आले की आधी स्वतः खराटा घेऊन झाडायचे, मग रात्री कीर्तनात प्रश्न विचारायचे. लोकांना लाज वाटायची, पण ती त्यांना स्वतःची स्वतःला वाटायची.

माझी कसोटी साधी आहे. जी कोपरखळी सांगून देता येते ती चालेल. सांगितल्यावर निकामी होते ती फसवणूक. तुम्हाला सांगूनच टाकतो, आज चहाचं टेबल डाव्या दाराशी लावायला मी कार्यकर्त्यांना सांगितलं आहे, कारण उजव्या दाराबाहेर ठेला आहे. उजवं दार उघडंच आहे. ज्याला जायचं त्यानं जावं.

पुढचा मुद्दा पुराव्याचा. या शास्त्राची जाहिरात जरा जास्त झाली आहे. 'लहान ताटात जेवा म्हणजे कमी जेवाल' अशा गोष्टी तुम्ही मोबाइलवर वाचल्या असतील. असले पुष्कळ प्रयोग करून प्रसिद्ध झालेले कॉर्नेल विद्यापीठातले एक प्राध्यापक, ब्रायन वॉन्सिंक, यांचे एकामागून एक लेख मागे घ्यावे लागले आणि त्यांना पद सोडावं लागलं. 2022 साली दोन संशोधकांनी हिशेब मांडला: विद्यापीठांच्या नियतकालिकांत छापलेल्या कोपरखळ्यांचा परिणाम सरासरी 8.7 टक्क्यांचा दिसतो, पण अमेरिकेत सरकारांसाठी काम करणाऱ्या गटांनी प्रत्यक्ष राबवलेल्या सगळ्या प्रयोगांत तो 1.4 टक्क्यांचा. जे जमलं तेच छापलं जातं, हे त्याचं मोठं कारण. 1.4 म्हणजे शून्य नव्हे. पण चमत्कारही नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोपरानं ढोसायला आधी समोर रस्ता लागतो. राजस्थानात उदयपूरकडे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर लसीकरणाचा प्रयोग केला. बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, 2019 चे नोबेल विजेते. काहीच केलं नाही त्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं 6 टक्के. ठरलेल्या दिवशी नेमानं शिबिर भरवलं तिथे 18 टक्के. शिबिर आणि दर लशीला एक किलो डाळ, शेवटी जेवणाची ताटं, तिथे 39 टक्के. लोक डाळीचीच गोष्ट सांगतात. पण सहावरून अठरावर नेलं कशानं? नर्सबाई ठरल्या दिवशी खरंच आल्या, एवढ्यानं. तिप्पट! डाळ त्यानंतरची.

खर्र्याचंही तसंच आहे. तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत चित्र हवं, हा नियम 2016 पासून आहे. पण खर्रा ठेल्यावर घोटला जातो, कोऱ्या पन्नीत मिळतो. चित्र ठेलेवाल्याच्या डब्यावर राहतं, खाणाऱ्यापर्यंत येतच नाही. गुटखा राज्यात जुलै 2012 पासून बंद, पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, मावा, खर्राही त्या बंदीत आला. कागदावर आजही तो बंद आहे. आपण सगळे मिळून एका बंद असलेल्या वस्तूविषयी तासभर बोलतोय. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च'च्या पुढाकारानं 2016 पासून 'मुक्तिपथ' चालू आहे. तिथे गावाचा ठराव, विक्री थांबवणाऱ्या बायकांच्या संघटना, सरकारी यंत्रणा आणि उपचार हे सगळं एकत्र आणायचा प्रयत्न आहे. मला ती वाट जास्त खरी वाटते, कारण तिच्यात एकट्या माणसावर भार नाही.

कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा ती खर्रा का खाते. ती म्हणेल, भूक मरते. तमिळनाडूत 464 ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी घेतली होती, एकदा पीक निघण्याआधी हातात पैसा नसताना आणि एकदा पैसा आल्यावर. तीच माणसं, पण आधीच्या चाचणीत कमी पडली. विवंचना डोक्यातली जागा खाते. आपल्या जिल्ह्यात विवंचनेची कमतरता कधी नव्हती. अशा माणसाला 'तुमची इच्छाशक्ती कमी आहे' म्हणणं मला आता जमत नाही. वर्गात मी ते अनेक वर्षं म्हणत आलो.

ज्यांना सोडायचा आहे त्यांच्यासाठी सरकारी मदतवाहिनी आहे, 1800-11-2356, फोनला पैसे पडत नाहीत. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घ्या, घरी जाऊन घेतो म्हणू नका. आणि तुमच्यात कोणी ठेलेवाले असतील तर त्यांनी प्रश्नोत्तरांत जरूर बोलावं. त्यांच्या पोटाचं काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्यांच्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही. मागे एक हात वर झालेला दिसतोय. बोला दादा.